मे महिन्यातलं पाणी मोजा, मग वाफा आखा

मेहकर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या आम्ही बाया बोलतोय. परसबाग पहिल्यांदाच करायची आहे, सुरुवात कुठून करू, असं हल्ली पुष्कळ जणी विचारतात. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींनी बियाण्याची पाकिटं आधीच आणून ठेवलेली असतात. ती पाकिटं सध्या फळीवरच राहू द्या. आज हातात बादली घ्या.

रोहिणी नक्षत्र चालू आहे, मृग तोंडावर आलाय. परसबागेचा हिशोब मांडायला वर्षातले हेच दिवस खरे. जुलैमध्ये बाग कुणाचीही उभी राहते. बी फेकलं तरी उगवतं, आणि हिरवंगार बघून आपण अंगणभर वाफे करतो. दिवाळी होते, हरभऱ्याचं काम लागतं, मार्च उलटला की गावातल्या बोअर धापा टाकायला लागतात. आपल्या मातीखाली काळा पाषाण आहे, त्याच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी जमिनीत राहतं. पैनगंगा जवळून जाते म्हणून घरच्या नळाला पाणी येतंच असं नाही. मग दोन हंड्यांसाठी रांगेत उभी राहिलेली बाई भेंडीला पाणी कुठून घालणार? आणि डोक्यावरून आणलेलं पाणी तिनं घालूही नये. बाग वाळते आणि वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, "पाहिली तुझी बाग."

म्हणून घरातून रोज वाया जाणारं पाणी आधी मोजायचं. अंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं. पंधरा लिटरची बादली धरा. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब असा एक वाफा असेल, तर हिवाळ्यात त्याला रोजची साधारण पाऊण बादली लागते. मे महिन्याच्या उन्हात तोच वाफा सव्वा ते दीड बादली पितो. आता घरात पाच माणसं असतील, प्रत्येकाच्या अंघोळीची एक बादली आणि भांड्यांची एक, म्हणजे सहा बादल्या. सगळंच पाणी काही हाती लागत नाही, एखादी बादली सांडण्यात जाते. राहिलेल्या पाच बादल्यांवर मे महिन्यात तीन वाफे नीट जगतील, चौथा कसाबसा. ज्या गावात टँकर येतो, जिथं अर्ध्या बादलीत अंघोळ उरकतात, तिथं एकच वाफा धरा. एक वाफाही कमी नाही, हे पुढं सांगतो.

जेवढे वाफे मे महिन्यात जगतील, तेवढेच आपले कायमचे. शेणखत, कुंपण, मेहनत सगळी त्यांच्यावर. बाकी जागा मोकळी असेल तर पावसाळ्यापुरती वापरा, चवळी-काकडी टाका, दिवाळीला सोडून द्या.

आता पाणी कोणतं चालतं ते. अंघोळीचं आणि भांड्यांचं चालतं. राखेनं भांडी घासत असाल तर फारच चांगलं. कपड्यांचं, पावडर घातलेलं पाणी मात्र वाफ्यात नको. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, आणि आपल्या काळ्या मातीला सोडा मानवत नाही. माती चिकट होते, वाळली की दगडासारखी, पाणी वरच साचून राहतं. घाटाखाली शेगाव, संग्रामपूरकडं ज्यांचं माहेर आहे त्यांना खारपाण पट्टा सांगायला नको. आपण घाटावरच्या, आपली माती त्या मानानं सुदैवी, तिला आपल्याच हातानं चोपण करू नका. धुण्याचं पाणी कर्दळीला किंवा केळीच्या आळ्याला सोडा. लहान मुलाचे मळके कपडे धुतलेलं पाणी बागेत कुठंच नको. सांडपाणी नेहमी मुळाशी, मातीवर सोडायचं, पानावर नाही. सांभार, मुळा, कांद्याची पात असं कच्चं खायचं असेल त्या वाफ्याला शक्यतो भाजी-डाळ धुतलेलं स्वच्छ पाणीच द्या.

न्हाणीचं पाणी वाफ्याकडं नेताना मध्ये घमेलंभर खड्डा करा. त्यात खाली विटांचे तुकडे, वर कोळसा, त्यावर वाळू. केस, साबणाची साय तिथंच अडते. महिन्यातून एकदा वरची वाळू धुऊन घ्यायची. एवढ्यासाठी कुणी पाइप विकत घेऊ नका, मातीची नाली पुरते.

हे सगळं कशासाठी, तेही बोलू या. आपल्या आया-सासवांना परसबाग हा शब्द फारसा लागत नव्हता. त्यांची भाजी वावरात होती. ज्वारी-कपाशीच्या पेरणीला बाई आपली बियांची पुरचुंडी कमरेला खोचून जायची. दोन तासांत चवळी, धुऱ्याला अंबाडी, मध्ये कुठं भेंडी, वाळूक, कारलं. या बियांचा हिशोब कुणी मागायचं नाही. मग सोयाबीन आलं, त्यामागून तणनाशक आलं. तणनाशक पेरलेलं पीक सोडून बाकीचं बरंच काही मारतं, त्याला अंबाडी आणि तण यातला फरक कळत नाही. सोयाबीननं घरात पैसा आला, ते आम्ही नाकारत नाही. पण बाईच्या हातातली भाजी गेली आणि ती बाजाराच्या दिवसावर, पाकिटातल्या नोटेवर आली. नोट कुणाच्या खिशात असते ते आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात भाव चढले की घरात सर्वांत आधी बाईच्या ताटातली भाजी कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ सालच्या, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. भाजी हे त्याचं एकच कारण नाही आणि एकटी भाजी हे औषधही नाही. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवा. पण आठवड्यातून चार दिवस पालेभाजी, तिच्यावर लिंबू पिळून, आणि जेवणावर लगेच चहा नाही, एवढं घरच्या वाफ्यावर जमतं.

वाफा कुठं करायचा? न्हाणीजवळ, पण उन्हात. सहा तास ऊन लागलंच पाहिजे. निंबाच्या सावलीत मेथी लांबट होऊन आडवी पडते. जागेवरून घरात बोलणं होईल, कारण अंगणात मोटरसायकल असते, गोऱ्हा असतो, सोयाबीनची पोती टाकायची असतात. तीन फूट बाय दहा फूट एवढीच जागा मागा. एक पलंग आणि त्याच्याजवळ थोडं. मोठी जागा मागितली की नकार येतो.

रुंदी तीन फुटांच्या वर करू नका. दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. काळी माती ओली असताना तुडवली की तिचं ढेकूळ होतं. खुरपंसुद्धा वाफसा आल्यावरच लावायचं. आत्ता मातीला भेगा पडल्यात, तेव्हा वीतभर खोदून उन्हात तापू द्या. मृगाची एक सर आली की ढेकळं आपसूक फुटतात. मग त्यात चांगलं कुजलेलं शेणखत, वाफ्याला चार-पाच घमेली. कुजलेलं कसं ओळखायचं? मुठीत घ्या. वास शेणाचा नको, पावसाच्या मातीचा हवा. हाताला गार लागलं पाहिजे, भुसभुशीत आणि काळपट. उकिरड्याच्या वरचं ताजं शेण आणून टाकलं तर मुळं जळतात, हुमणी येते आणि गवत तर एवढं उगवतं की भाजी शोधावी लागते. खालच्या थरातलं आणा.

पावसाळ्यात वाफा जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे गादीवाफा. काळ्या मातीत पाणी थांबलं की मुळं सडतात. दिवाळीनंतर मात्र त्याच वाफ्याच्या कडा उचलून मध्यभाग ताटासारखा खोलगट करा, म्हणजे घातलेलं पाणी बाहेर पळत नाही. 'उमेद'च्या पोषण परसबागेच्या मोहिमेत तुम्ही गोल, सात पाकळ्यांचे वाफे पाहिले असतील. दिसायला फार छान, आणि ज्यांच्याकडं जागा आहे त्यांनी जरूर करावेत. आमचं मत विचाराल तर नवशिकीनं पहिल्या वर्षी न्हाणीजवळचा चौकोनी तुकडाच धरावा. आखण्यात दोन दिवस जातात ते भाजीला द्या.

आता पाकिटं काढा. आधी प्रत्येकातल्या दहा बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवा, फडकं वाळू देऊ नका. मेथी-चवळीला चार-पाच दिवस, पालकाला आठवडा, सांभारला दहा-बारा दिवस लागतात. दहातल्या सात उगवल्या तर बी चांगलं. तीन-चारच उगवल्या तर दुप्पट टाका किंवा बदलून घ्या. गुलाबी-निळा रंग चोळलेलं बी असेल तर ते औषध आहे. ते मुलांच्या हाती देऊ नका, पेरल्यावर हात साबणानं धुवा, उरलेलं कोंबड्यांना टाकू नका.

पेरताना एकच माप लक्षात ठेवा, बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल. नवीन बाई हमखास खोल पेरते आणि मग म्हणते बी खराब होतं. राजगिरा-तांदुळजाचं बारीक बी मूठभर राखेत किंवा वाळूत मिसळून ओळीत सोडा, वरून नुसती माती भुरभुरवा. धने रगडून दोन फाका करून पेरा. कारल्याच्या, दोडक्याच्या बिया रात्रभर पाण्यात ठेवा. आणि ओळीत पेरा. फेकून पेरलं तर पहिल्या निंदणाला तण कोणतं आणि भाजी कोणती ते कळत नाही.

पहिल्या वर्षी कोणत्या भाज्या? मृगात भेंडी, चवळी, गवार, अंबाडी आणि कुंपणावर एक दोडका किंवा कारलं. या पाच भाज्या चुका पोटात घालतात. टोमॅटो, वांगी, मिरची यांना आधी रोपं करावी लागतात, महिनाभर सांभाळावी लागतात. ती पहिल्या वर्षी शेजारणीकडून किंवा रोपवाटिकेतून आणा, संध्याकाळी लावा आणि दोन दिवस पळसाच्या पानाची सावली द्या. वांग्याची दोन आणि मिरचीची तीन झाडं एका घराला चालतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेथी, पालक, सांभार, मुळा. मेथी महिन्याभरात काढायला येते, म्हणून सगळा वाफा एका दिवशी पेरू नका. दर आठवड्याला दोन ओळी पेरा, नाहीतर एका रविवारी अख्खं गाव मेथी खातं आणि नंतर महिनाभर काही नाही. उन्हाळ्यात तांदुळजा आणि गवार, दोन्ही उन्हाला दाद देत नाहीत. एप्रिलमध्ये सांभार पेरण्याचा हट्ट मात्र नको.

मघाशी एका वाफ्याचं म्हणालो. तीस चौरस फुटांत पाच जणांची रोजची भाजी निघणार नाही, तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण पालेभाजी आठवड्याला दोन-तीनदा, वर मिरची-सांभारचं विकत घेणं बंद, इतकं निघतं. कडेला एक शेवगा लावा. त्याला न्हाणीच्या पाण्याचा ओलावा पुरतो. शेवगा डोक्याच्या उंचीवर दरवर्षी छाटायचा, मग पाला हाताला येतो. शेंगा सगळ्यांना माहीत आहेत, पाल्याची भाजी अजून आपल्याकडं कमीच करतात. ती करा.

सोयाबीनचं कुटार, वाळलेलं गवत, निंबाचा पाला, जे असेल ते वाफ्यावर दोन बोटं जाड पसरा, झाडाच्या बुडापासून चार बोटं दूर. माती झाकली की पाणी कमी लागतं. मे महिन्यातली दीड बादली एकीवर येऊ शकते.

कुंपणाशिवाय बाग करूच नका. शेजारणीशी असलेलं वीस वर्षांचं नातं एका शेळीपायी तुटतं. पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीच्या फांद्या, आणि वरून जुनं लुगडं. वावरात डुकरा-रोह्यांसाठी आपण साड्या बांधतोच.

किडीबद्दल. घरात कपाशीवरचं उरलेलं औषध असतं आणि कुणीतरी म्हणतं, झाकणभर मार. मारू नका. ते औषध आज मारून परवा खायच्या भाजीसाठी बनलेलं नाही. आपल्याच अमरावती विभागात, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ साली कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन किती शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. आणि वावरातला फवारणीपंप तर बागेत आणूच नका. त्यात तणनाशकाचा अंश राहिलेला असतो, साधं पाणी मारलं तरी वांगी-मिरचीची पानं पिळवटतात. बागेसाठी हातफवारणीची बाटली वेगळी ठेवा.

आता पंधरा दिवसांत निंबोळ्या पडायला लागतील. मुलांना गोळा करायला लावा. धुऊन, गर काढून, सावलीत वाळवून ठेवा. लागेल तेव्हा पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून फडक्यात बांधायची, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी पिळून गाळायची, रिठ्याचं किंवा साबणाचं चार थेंब पाणी घालायचं आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं मारायचं. मावा थोडाच असेल तर चुलीची गार राख सकाळच्या दवावर भुरभुरवली तरी पुरते. वांग्याचा शेंडा मान टाकून वाळला तर आत अळी आहे, दोन बोटं खालून कापून चुलीत घाला. भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडली तर तो केवडा, त्याला औषध नाही. झाड उपटून टाका, दुसऱ्या झाडांवर पांढरी माशी तो नेते. 'परभणी क्रांती' या वाणावर केवडा कमी येतो, बी घेताना विचारा.

ज्यांना अंगणच नाही, गावठाणात भिंतीला भिंत आहे, त्यांनी हे सगळं ऐकून उसासा टाकला असेल. सिमेंटची रिकामी गोणी उलटी करून धुवा, बुडाला चार भोकं पाडा, निम्मी माती, निम्मं शेणखत भरा. एका गोणीत एक वांगं किंवा दोन मिरच्या. फुटक्या घमेल्यात सांभार. दाराशी एका गोणीत दोडका लावून वेल छपरावर सोडता येतो. टिनाचं छप्पर असेल तर त्यावर आधी पऱ्हाट्या टाका, नाहीतर तापलेल्या टिनावर वेल होरपळतो. वेल चढला की खाली घरातही थोडं गार वाटतं. गोणीतली माती लवकर वाळते, तिला रोज तांब्या-दोन तांबे लागतातच, तेव्हा घरात किती गोण्या ठेवायच्या तेही पाणी बघूनच.

शेवटी बियांचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या बाईनं घरात गावरान बियांची बँक उभी केली. आपल्याला बँक नको, एक बरणी पुरे. संकरित पाकिटातल्या झाडाचं बी धरू नका, पुढच्या वर्षी ते तसं निघत नाही. गावरान किंवा सुधारित वाण असेल तर वाफ्यातलं सगळ्यात निरोगी झाड निवडा, त्याला लाल चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कुणी त्याची भेंडी तोडणार नाही. शेंग झाडावरच पूर्ण वाळू द्या. वांगं असेल तर पिवळं पडेपर्यंत ठेवा, मग गर पाण्यात कालवून तळाला बसलेलं बी घ्या. सावलीत वाळवा, दाताखाली कटकन तुटलं पाहिजे. मग थोड्या कोरड्या राखेसोबत बाटलीत भरा, वर चिठ्ठी, वाणाचं नाव आणि महिना.

गटाच्या पुढच्या बैठकीला येताना घरात, सासूच्या पेटीत, माहेरी, कुठं जुनी अंबाडी, वालाच्या शेंगा, गावरान वांगं असेल तर त्याचं चिमूटभर बी कागदात बांधून आणा. वाल याच महिन्या-दीड महिन्यात कुंपणाशी टोचायला लागतो.